‘घरी विचारून येतो’

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: आठ वर्षांची कुत्री पंधरा दिवस नुसती पाणी पीत होती, मग तिने खाणं सोडलं. सोनोग्राफीत गर्भाशयात पू झाल्याचं निघालं आणि त्याच दिवशी ऑपरेशन करावं लागलं. बिल दोन महिन्यांच्या पगाराएवढं झालं, ते उसनवारी करून भागवलं. कुत्री वाचली. पण घरात आता रोज एकच वाक्य ऐकू येतं, "झेपत नव्हतं तर पाळायचं कशाला?" हे खरं आहे का, प्राण्यांचे उपचार एवढे महाग का असतात, आणि पुन्हा अशी वेळ आली तर काय करायचं, हे त्यांना विचारायचं आहे.

मी गेली पंचवीस वर्षं कुत्र्यामांजरांची डॉक्टर आहे. या काळात आजारांपेक्षा पैशांमुळे जास्त पेशंट हातचे गेले, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. म्हणून जरा लांबण लावते.

आधी तुमच्या बिलाबद्दल. निरोगी कुत्रीची नसबंदी आणि तुमच्या कुत्रीचं ऑपरेशन यांत कापून काढायचं ते एकच, गर्भाशय आणि बीजकोश. पण निरोगी गर्भाशय पेन्सिलीएवढं बारीक असतं. पू झालेलं गर्भाशय पोटातून बाहेर घेताना दोन्ही हातांची ओंजळ करावी लागते. ते फुगून जागोजागी गाठाळ झालेलं असतं, भिंत इतकी पातळ की चिमटा जरा जोरात लागला तर फाटेल आणि सगळा पू पोटात सांडेल. त्या विषाने मूत्रपिंडं आधीच दमलेली असतात. सारखं पाणी पिणं त्याचंच लक्षण होतं. अशा जनावराला भूल देणंच जोखमीचं. आधी सलाईन, रक्ततपासणी, शिरेतून अँटिबायोटिक, नंतर दोन-तीन दिवस देखरेख. टाके तेवढेच, पण आजूबाजूचं सगळं वाढतं, आणि बिल तिथे फुगतं.

स्वीडनमध्ये विम्याच्या नोंदी तपासून एक मोठा अभ्यास झाला होता. त्यात नसबंदी न केलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणींना वयाच्या दहा वर्षांपर्यंत हा आजार झाल्याचं दिसलं. चारात एक म्हणजे दुर्मीळ मुळीच नाही. माज संपल्यावर काही आठवड्यांत तो डोकं वर काढतो. काही जणींच्या योनीमार्गातून स्राव येतो आणि लगेच कळतं. ज्यांचं गर्भाशयाचं तोंड बंद राहतं, त्यांच्यात बाहेर काहीच दिसत नाही, फक्त पाणी जास्त आणि खाणं कमी. तुमच्या हिची दुसरी तऱ्हा होती असं दिसतं. तेव्हा पंधरा दिवस कसे गेले याचा फार दोष लावून घेऊ नका. माझ्या ओळखीतल्या एका डॉक्टरच्या घरच्या कुत्रीचंही हे उशिराच कळलं होतं.

आता महाग का, याचं उत्तर. माणसाच्या आजारपणात खर्चाचा मोठा भाग कुणीतरी दुसरं उचलतं, सरकार, विमा, नोकरीची जागा. खरी किंमत आपल्या डोळ्यांसमोर येतच नाही. जनावराच्या बाबतीत ती शेवटच्या पैशापर्यंत आपल्याच हातावर पडते. एक्स-रेचं यंत्र, भुलीची औषधं, ऑक्सिजन, सगळं जवळपास तेच. शिवाय आमचा पेशंट बोलत नाही. माणूस सांगतो, "इथे उजवीकडे दुखतंय, कालपासून." कुत्रा टेबलावर नुसता थरथरतो. जे त्याने सांगायचं, ते आम्ही रक्तातून आणि सोनोग्राफीतून काढतो.

पण सगळा दोष यंत्रांवर ढकलून मी मोकळी होणार नाही. बऱ्याच देशांत छोटे दवाखाने मोठ्या कंपन्या विकत घेत चालल्या आहेत. बाजारात स्पर्धा नीट चालते का हे बघणाऱ्या ब्रिटनच्या सरकारी संस्थेने 2024 मध्ये या धंद्याची चौकशी सुरू केली तेव्हा सांगितलं की 2013 च्या सुमारास दहातला एक दवाखाना मोठ्या समूहाच्या मालकीचा होता, आता दहातले जवळजवळ सहा आहेत. लोकांना दर आधी कळत नाहीत, पर्याय सांगितले जात नाहीत, ही त्यांची मुख्य तक्रार होती. ही तक्रार मला खोटी वाटत नाही, कारण पर्याय न सांगण्याचा गुन्हा मी स्वतः केला आहे.

नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. एक तरुण तीन महिन्यांचं पिल्लू टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. रक्ताचे जुलाब, तो ओळखीचा कुजका वास, डोळे आत गेलेले. पार्व्हो, पिल्लांची आतडी पोखरणारा विषाणूचा आजार. मी पुस्तकात होतं ते जसंच्या तसं सांगितलं: पाच दिवस अ‍ॅडमिट, शिरेतून सलाईन, रोज रक्ततपासणी, आणि एवढा खर्च. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "घरी विचारून येतो." मी मान डोलावली आणि पुढच्या पेशंटकडे वळले. तो आला नाही. चार दिवसांनी त्याचा शेजारी दुसऱ्या कामासाठी आला, त्याच्याकडून कळलं की पिल्लू दुसऱ्याच रात्री गेलं. घरी विचारायला कुणी नव्हतंच. तो एकटा राहत होता.

‘घरी विचारून येतो’ याचा अर्थ ‘पैसे नाहीत आणि ते म्हणायची लाज वाटते’ असा असतो, हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं. अ‍ॅडमिट किंवा काहीच नाही, असे दोनच दरवाजे मी त्याच्यापुढे ठेवले होते. मधे पायऱ्या होत्या. कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांनी पुढे त्या पायऱ्या नीट मोजून दाखवल्या. आधी शिरेतून सलाईन देऊन पिल्लू सावरलं की नंतर कातडीखाली सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन आणि बरेच दिवस टिकणारं अँटिबायोटिक, एवढ्यावर त्यांनी काही पिल्लं सांभाळली. अ‍ॅडमिट केलेल्यांपैकी 90 टक्के वाचली, या साध्या पद्धतीने 80 टक्के. पिल्लं संख्येने थोडी होती आणि देखरेख कडक होती, हे खरं. तरी उपचारच न झालेली बहुतेक पिल्लं मरतात, हे लक्षात घेतलं की त्या 80 ची किंमत कळते. नव्वद परवडत नाहीत म्हणून शून्यावर जायची गरज नसते.

तेव्हापासून तपासणी झाली की मी स्वतःच विचारते, "खर्चाचं कसं आहे? त्या हिशोबाने आपण आखू." पहिल्यांदा लोक दचकतात. मग खांदे सैल पडतात.

तुमचा डॉक्टर हे विचारेलच असं नाही. मग तुम्ही बोला, आणि बिल हातात पडल्यावर नाही, सुरुवातीलाच. "आज माझ्याकडे एवढे आहेत, यात हिला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा होईल?" या वाक्यात लाजण्यासारखं काही नाही, उलट आमचं काम सोपं होतं. दुसरा प्रश्न प्रत्येक तपासणीआधी विचारायचा: "याचा रिपोर्ट काहीही आला तरी औषध तेच राहणार आहे का?" उत्तर "हो" असेल तर ती तपासणी बहुतेक वेळा थांबू शकते. आणि तिसरा, "आज नाही केलं, तीन दिवस थांबलो, तर काय बिघडेल?" कधी उत्तर येतं, "काही नाही, बघू." कधी येतं, "सकाळपर्यंत जगणार नाही." दोन्ही कळायला हवीत. मोठं काम असेल तर अंदाजपत्रक लेखी मागा, त्यात कमीत कमी किती आणि गुंतागुंत झाली तर किती, असे दोन आकडे असू द्या. हप्ते होतील का, औषध चिठ्ठीवर लिहून द्याल का म्हणजे बाहेरून आणता येईल, हेही विचारावं. चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला तर पुढच्या वेळी कुठे जायचं नाही, हे फुकटात कळलं.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे पैसे वाचवायला जाऊन लोक हमखास बुडतात. घरातली गोळी. मांजराला ताप वाटला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल दिली, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता उलट्या सुरू झालेलं मांजर दिसलं की आधी हिरड्या बघते. गुलाबी हिरड्या मातकट तपकिरी झालेल्या असतात, तोंड आणि पंजे सुजलेले, श्वास भराभर. मांजराच्या यकृतात हे औषध निकामी करायची यंत्रणाच तोकडी असते. रक्त ऑक्सिजन वाहून न्यायचं थांबतं. एक गोळी पुरते. आयबुप्रोफेनने कुत्र्यांच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं जातात. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराच्या मानेवर टाकलं की काही तासांत त्याला झटके येऊ लागतात. माणसांची काही औषधं आम्हीही वापरतो आणि ती स्वस्त पडतात, पण कोणतं आणि किती, हे डॉक्टरला विचारून. फोनवर विचारलंत तरी चालेल.

दुसरं बुडण्याचं ठिकाण म्हणजे वाट बघणं. बोका सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कण्हतोय आणि काही होत नाहीये, तर घरचे म्हणतात बद्धकोष्ठ झालं असेल. अनेकदा लघवी अडलेली असते. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद, त्यात खडे किंवा चिकट मळ अडकतो. एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. सकाळी आणलेल्या बोक्याला नळी घालून मोकळं करता येतं, तोच दुसऱ्या रात्री आणला तर आधी हृदय सांभाळावं लागतं, आणि खर्च कितीतरी पटींनी. तसंच रुंद छातीचा मोठा कुत्रा ओकायला बघतोय पण बाहेर काही पडत नाही आणि पोट ढोलासारखं ताणलंय, तर जठराला पीळ बसलेला असू शकतो. तिथे तासांचाच हिशोब. मांजराने लिलीच्या झाडाचं पान चावलं असेल तर त्याला काही होण्याची वाट न बघता निघायचं, कारण लक्षणं दिसेपर्यंत मूत्रपिंडांचं नुकसान झालेलं असतं.

याउलट, दोन-चार तास थांबून बघण्यासारखंही पुष्कळ असतं. एकदाच झालेली उलटी, पण नंतर शेपूट हलवत फिरणारा कुत्रा. थोडं लंगडणं, पण पाय टेकतोय. इथे घाईने रात्रीचा तातडीचा दवाखाना गाठायची गरज नाही. शंका आली तर फोन करा.

रोजच्या खर्चात काय कापता येतं, तेही सांगते, कारण याबद्दल डॉक्टर फारसं बोलत नाहीत. पिल्लाच्या लशी पूर्ण करायच्या, तिथे तडजोड नाही. पार्व्होची लस आणि पार्व्होचा उपचार यांच्या खर्चाची तुलनाच होत नाही. पण पिल्लूपणीचे डोस आणि त्यानंतरचा बूस्टर झाला की डिस्टेंपर, पार्व्हो आणि अ‍ॅडिनोव्हायरस यांच्या लशी दरवर्षी टोचायची गरज नसते. लहान प्राण्यांच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेची शिफारस तीन वर्षांपेक्षा लवकर नको अशीच आहे. लेप्टोस्पायरोसिसची लस, जिथे त्या रोगाचा धोका असेल तिथे, दरवर्षी लागते, आणि रेबीजचं वेळापत्रक त्या त्या ठिकाणचा कायदा ठरवतो. ते पाळायचंच.

महागडं ‘धान्यविरहित’ खाणं, चकचकीत डब्यातल्या केसांच्या नि सांध्यांच्या पावडरी, धडधाकट तरुण कुत्र्याच्या दर सहा महिन्यांनी होणाऱ्या पन्नास प्रकारच्या चाचण्या, यांतलं बरंचसं सोडून दिलंत तर मी काही बोलणार नाही. गोचीड-पिसवांचं आणि जंतांचं औषध सोडू नका. दात घासायची सवय पिल्लूपणी लावलीत तर ब्रशचा खर्च नगण्य, आणि म्हातारपणी भूल देऊन दात काढायचा खर्च टळू शकतो.

आणि वजन. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच, कारण हा एकच उपचार असा आहे की तो केल्याने महिन्याचा खर्च कमी होतो. 48 लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं, जन्मभर. कमी खाणारे सरासरी 13 वर्षं जगले, दुसरे 11.2 वर्षं. संधिवाताची औषधंही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागली. मी हे सांगितलं की समोरून येतं, "पण तो इतका केविलवाणा बघतो हो!" बघणारच. त्याचं कामच ते आहे.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. कुत्र्याचा विमा ही कल्पना जुनी आहे, स्वीडनमध्ये 1924 पासून चालते. पिल्लू घरी आल्याबरोबर काढला तर बऱ्याच जणांना तो तारतो. तुमच्या बाबतीत मला शंका आहे. आठ वर्षांच्या जनावराचा हप्ता जास्त असतो, आणि आधी होऊन गेलेला आजार व त्याच्याशी जोडलेलं सगळं वगळलं जातं. शिवाय बऱ्याच ठिकाणी पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर परत मागायचे, म्हणजे त्या रात्री हातात रोकड हवीच. तुम्ही तीच रक्कम महिन्याच्या महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. हिला लागली नाही तर पैसे तुमचेच राहतात.

आता घरातल्या त्या वाक्याकडे येते. "झेपत नाही तर पाळायचं कशाला" हे अर्धं बरोबर आहे. रोजचं खाणं, लशी, नसबंदी, जंतांचं औषध एवढं नियमित जमणार नसेल तर पिल्लू आणू नये, आणि हे मी तोंडावर सांगते. पहिल्याचंच ओढाताणीने चाललेलं असताना दुसरं आणणाऱ्यांनाही सांगते. चपट्या तोंडाच्या जाती घेणाऱ्यांना तर आधी बसवून सांगते: पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांचा श्वास, डोळे, कातडी, बाळंतपण, सगळीकडे दवाखाना लागतो. दिसायला गोंडस ते पाळायला सोपंच असतं असं नाही. मिश्र जातीचं पिल्लू पुष्कळदा कमी त्रास देतं.

पण अचानक येणारं मोठं ऑपरेशन आधीपासून परवडणारी घरं जगात थोडी असतात. तो निकष लावला तर कुत्रीमांजरं फक्त बंगल्यांमध्ये दिसतील. लंडनच्या गरीब वस्तीतल्या लोकांची आजारी जनावरं बघून मारिया डिकिन या बाईंनी 1917 मध्ये एका तळघरात मोफत दवाखाना सुरू केला. जनावरं गाडी ओढणाऱ्यांची, फेरीवाल्यांची, आणि घरात नुसती सोबतीला ठेवलेली, सगळीच. गरिबाने प्राणी पाळावा का, हा वाद त्या घालत बसल्या नाहीत, जनावर बरं केलं. त्यांची ती संस्था आजही आहे. माझ्या दवाखान्यात कर्ज काढून आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि "नवीन घेऊ" म्हणून साध्या फ्रॅक्चरच्या कुत्र्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायला सांगणारी पैसेवाली माणसंही. या दुसऱ्यांना मी नकार देते.

आणि कधी पैसे खरंच नसतात, पायऱ्याही संपतात. तेव्हा जनावराला शांतपणे झोपवणं हाही उपचारच आहे, त्यासाठी स्वतःला खुनी म्हणवून घेऊ नये. मला चीड येते ती एकाच गोष्टीची, वेदनेवरचं औषधसुद्धा न देता कोपऱ्यात टाकून ‘निसर्गावर सोडलंय’ म्हणण्याची. वेदनाशामकाला फार पैसे लागत नाहीत.

तुमच्या हिच्या बाबतीत आता पुढचं काम थोडंच उरलंय. गर्भाशय काढलेलं आहे, तेव्हा हा आजार परत येणं फार विरळा. महिन्यातून एकदा तिला उताणी झोपवून स्तनांच्या दोन्ही रांगा बोटांनी चाचपा. वाटाण्याएवढी गाठ लागली तर त्याच आठवड्यात दाखवा, वाटाणा काढायला सोपा असतो. नसबंदीनंतर कुत्रीची भूक वाढते आणि गरज घटते, त्यामुळे टाके सुकून ती नीट खायला लागली की वाडग्यातलं खाणं हळूहळू पाव भागाने कमी करा आणि वजन बघत राहा. टाके काढायला जाल तेव्हा तिला वजनकाट्यावर उभी करा आणि आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. दर महिन्याला तोच काटा, तीच वेळ, शक्यतो खाण्याआधी.